खिशांची चादर

“मालक कोण?” असं विचारत तो तुमचा फोन तुमच्याच हातातून काढून घ्यायचा. पालथा करायचा, तळहातावर ठेवून भाजीवाल्यासारखा तोलायचा आणि अंगठ्याचं वाढवलेलं नख मागच्या फटीत घालून झाकण उघडायचा. बॅटरी बाहेर, कार्ड बाहेर, सगळं त्याच्या मांडीवर. तुम्ही म्हणायचं, “मीच मालक.” यावर तो मान हलवायचा. “नाही जी. तुम्ही भाडेकरू. काहून? चावी कंपनीपाशी आहे.”

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करीन, खात्री देत नाही.

आमच्या ह्या हिंदी मुलखात, रांझीला, मोठ्या फॅक्टरीच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे त्याचा सायकल स्टँड होता. फॅक्टरी संरक्षण खात्याची, त्यामुळे आत फोन न्यायला बंदी. कामावर जाणाऱ्याने सायकल किंवा मोटरसायकल स्टँडवर लावायची, फोन त्याच्या स्वाधीन करायचा आणि गेटातून आत जायचं. सुटीचा भोंगा वाजला की बाहेर येऊन दोन्ही परत घ्यायचं. आमचे हे त्यातलेच एक. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो; हे, मी, सासूबाई आणि आमची मुलगी.

फोन ठेवायला त्याच्याकडे कपाट नव्हतं, चादर होती. जाड जुन्या चादरीवर त्याच्या बायकोने ओळीने खिसे शिवले होते आणि ती चादर स्टँडच्या भिंतीवर टांगलेली असायची. खिसे लोकांच्याच पँटींचे. नवीन माणूस यायला लागला की हा सांगायचा, “घरून एक फाटकी पँट आणा.” त्या पँटीचा खिसा कापून चादरीवर चढायचा आणि मग त्या माणसाचा फोन दिवसभर त्याच्याच खिशात राहायचा. टोकन नाही, नंबर नाही. ह्यांचा खिसा तपकिरी होता, लग्नातल्या सफारीचा. ती सफारी मी घडी करून ट्रंकेत ठेवली होती आणि ती फाटकी नव्हती. आमचं वैर तिथूनच सुरू झालं म्हटलं तरी चालेल.

त्याचे वडील भंडाऱ्याकडून येऊन फॅक्टरीत लागलेले. ह्यानेही तिथेच अप्रेंटिस केलं होतं. पुढे भरती झाली तेव्हा ह्याचं नाव आलं नाही. तो गेटबाहेर आला तो कायमचा, आणि गेटकडे तोंड करूनच स्टँड टाकून बसला. आत कोणतं मशीन कुठे आहे हे त्याला अजून पाठ होतं, आणि ते तो आत काम करणाऱ्यांनाच ऐकवायचा. लोक ऐकून घ्यायचे. सायकल त्याच्याकडे लावायची होती ना.

चादर दिवसभर वाजत असायची. कोणाच्या खिशात भजन, कोणाच्या खिशात कोंबडा आरवतोय. वाजला की हा उचलणार. त्या काळात मी दुपारी ह्यांना फोन करायची, आणि दर वेळी पलीकडून हाच.

“हॅलो, बोला वहिनी. साहेब आत आहेत. निरोप सांगा.”

“निरोप एवढाच, येताना भाजी आणा म्हणावं. दोडके मिळाले तर दोडके.”

“दोडके नका करू जी.”

“का?”

“ते खाऊन नाही राहिले. डबा घेऊन बाहेर आले का इथं गायीला घालून राहिले. आता तर गायपण तोंड फिरवते.”

तुम्हीच सांगा, लग्नाला एवढी वर्षं झालेल्या बाईला तिच्या नवऱ्याच्या पोटातली गोष्ट सायकल स्टँडवरच्या माणसाने सांगावी का? संध्याकाळी मी ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, “तो असंच काहीही बोलतो.” पण दोडके काही आणले नाहीत. त्यानंतर मी महिनाभर मुद्दाम दोडके केले.

आता त्याच्या मुख्य उद्योगाकडे येते. दहा-बारा वर्षांपूर्वी सगळ्यांच्या हातात ते नवे टचचे फोन आले. स्वस्तातले फोन, आतली जागा थोडी, आणि तीही निम्मी कंपनीने आधीच घातलेल्या ॲपांनी भरलेली. ती ॲप काढू म्हटलं तर निघायची नाहीत. ह्याच्या डोक्यात ते बसलं. फोन आपला आणि त्यातलं सामान आपल्याला काढता येत नाही, हा त्याला अपमान वाटायचा. कुठूनतरी त्याला कळलं, की फोन ‘रूट’ केला की सगळे अधिकार आपल्या हातात येतात.

“असं समजा वहिनी,” एकदा सायकलची हवा भरता भरता त्याने मला समजावलं होतं. मी विचारलेलं नव्हतं. “क्वार्टरमध्ये राहता तुम्ही. भिंतीत खिळा ठोकायचा तर परमिशन पाहिजे. खिडकीला रंग द्यायचा तर परमिशन. फोनचं तसंच. रूट केला का क्वार्टर आपल्या नावावर. भिंत पाडा, नवी बांधा, कोणी बोलून नाही राहिलं!”

“आणि छत पडलं तर?”

“तर आपलंच पडलं ना. दुसऱ्याचं तर नाही पडलं.”

हे करायला त्याच्याजवळ विद्या होती असं कोणी समजू नये. स्टँडवरची माणसं त्याला इंजिनिअर म्हणायची, म्हणून मुद्दाम सांगते. एक ॲप होतं. ते कुठूनतरी उतरवून घ्यायचं, फोन कटकट करील तिकडे लक्ष द्यायचं नाही, आणि एकच मोठं बटण दाबायचं. पडद्यावर गोल फिरायला लागे, आकडा वर चढे, फोन आपला आपण बंद होऊन चालू होई आणि झालं रूट. आमची शाळेतली पोर करू शकली असती. ह्याचं काम एवढंच, की आकडा चढत असताना फोनसमोर हात बांधून बसायचं आणि शंभर झाले की म्हणायचं, “घ्या. आता तुम्ही मालक.”

लोकांचे फोन दिवसभर त्याच्या चादरीत पडलेले. लोक आत लोखंड कापतायत, बाहेर हा त्यांना मालक करतोय. मालक झालेल्यांचे हाल मी पाहिलेत. शेजारच्या क्वार्टरमधल्या मिश्राजींच्या फोनवर बँकेचं ॲप उघडेना. हा फोन सुरक्षित नाही म्हणून बसलं. मिश्राजी भांडायला गेले, तर हा म्हणतो, “कंपनीच्या हातात होता तोवर सेफ, आणि मालक के हाथ में आया तो अनसेफ? वा रे वा!” आणि गंमत म्हणजे मिश्राजी त्याला चहा पाजून परत आले. बँकेत पुन्हा लायनीत उभे राहायला लागले ते लागलेच.

माझाही फोन ह्यांनी परस्पर नेऊन दिला होता, हळू चालतो म्हणून. परत आला तेव्हा हलका झाला होता खरा. दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती फॅक्टरीच्या भोंग्याने. हे डब्याशिवाय गेले, पोरीची शाळेची रिक्षा चुकली. मी तडक ह्यांच्या नंबरवर फोन लावला. उचलणार कोण हे माहीत होतंच.

“माझा अलार्म कुठे आहे?”

“काढला जी. फालतू जागा खाऊन राहिला होता. हूटर वाजतो ना? अख्खी रांझी उठते त्याच्यावर. तुम्हाला वेगळा काहून पाहिजे?”

“हूटर वाजल्यावर उठले तर डबा कोण करणार? तुमची गाय?”

पलीकडे चादरीतला दुसरा फोन वाजायला लागला तरी त्याने तो घेतला नाही. मग म्हणाला, “अच्छा. हे मी धरलंच नव्हतं.”

त्याचं सगळं असंच होतं. गेटाच्या बाहेर बसून आत जाणाऱ्यांचा विचार तो फार करायचा. आत जाणाऱ्याच्या घरी कोणी उठतं, चूल पेटवतं, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने मांडावी लागेल, कारण ती सांगितली नाही तर पुढचं कळायचं नाही. निरोपाच्या बाबतीत तो पक्का होता. नुसता भाजीचा निरोप असला तर संध्याकाळी सांगायचा. पण घरचा आवाज जरा वेगळा लागला, की हातातली सायकल टाकून रस्ता ओलांडून गेटवर पळायचा. गेटवरचा हवालदार त्याच्या वडिलांपासून ओळखीचा. हवालदार आत सेक्शनला फोन करायचा आणि माणूस लगेच बाहेर. कोणाला मुलगी झाली, कोणाच्या घरी सिलेंडरने पेट घेतला, सगळं असंच आत पोचलेलं. धावताना त्याची एक चप्पल हमखास रस्त्यात राहायची आणि ती कोणीतरी उचलून आणून द्यायचं. रांझीतल्या बायकांना त्यामुळे एक धीर होता, मलाही होता. माणूस आत गेला की दिवसभर आपला राहत नाही, पण फोन वाजला की स्टँडवाला उचलतो.

त्या दिवशी त्याने उचलला नाही.

सासूबाईंना छातीचं दुखणं जुनंच होतं. दुपारी जेवण झालं, त्यांनी सुपारी मागितली, आणि मी सुपारी घेऊन येईपर्यंत त्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. घामाने चिंब. मला म्हणाल्या, “त्याला बोलव.” मी फोन लावला. फोन बंद असल्याचं सांगणारी बाई बोलली. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. मला वाटलं नंबर चुकतोय. घरचाच नंबर, तो कसा चुकेल? मग हाक मारून मिश्राजींच्या बायकोला लावायला सांगितला. तिलाही तेच. आणि सासूबाई एकसारख्या विचारत होत्या, “लागला का? उचलला का?”

स्टँडवाल्याचा स्वतःचा नंबर कोणाकडेच नव्हता. एवढ्या लोकांचे फोन सांभाळणाऱ्याकडे स्वतःचा फोन नव्हता. त्याला गरजच काय होती, भिंतभर फोन टांगलेले होते.

मिश्राजींच्या बायकोने ऑटो आणली, आम्ही दोघींनी त्यांना उचलून बसवलं. मिश्राजींचा भाचा सायकलवरून गेटवर गेला. तो रांझीत नवा. हवालदार त्याला ओळखत नव्हता. कोण, कोणता सेक्शन, कामगाराचा तिकीट नंबर काय, हे विचारण्यात वेळ गेला. शेवटी निरोप आत गेला तेव्हा हे फॅक्टरीतल्याच दुसऱ्या शॉपमध्ये कामाला गेलेले. हे हॉस्पिटलात पोचले तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते, आणि ह्यांनी माझ्याकडे पाहिल्यावर मला काही सांगावं लागलं नाही. सासूबाईंचं शेवटचं बोलणं ऑटोतलं. “आला का?” म्हणाल्या. मी म्हटलं, “निघाले आहेत.”

फोन का बंद होता, हे संध्याकाळी कळलं. त्या वेळी तो फोन स्टँडवाल्याच्या मांडीवर होता. त्याने ते बटण दाबलं होतं. आकडा निम्म्यावर गेला आणि फोन बंद पडला. मग कंपनीचं नाव यायचं, जायचं, पुन्हा यायचं. दुपारभर हा ते नाव येता-जाताना पाहत बसला होता. मिश्राजींचा भाचा त्याच्या डोळ्यांसमोरून गेटकडे गेला, पण कोणासाठी चाललाय हे ह्याला कसं कळणार?

तेरावं झाल्यावर तो घरी आला. फोन कोणाकडून तरी दुरुस्त करून आणला होता. धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला. दाराच्या बाहेर चप्पल काढून उभा राहिला, आत आला नाही.

“वहिनी, चार्जिंग कमी होती. तरी मी केलं. माझी चूक आहे.”

माझी जीभ तिखट आहे हे माझ्या माहेरी, कांचघरला, सगळ्यांना माहीत आहे. सासरी ते त्या दिवशी कळलं. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, “तुम्हाला फार मालक व्हायचं होतं ना? एका म्हाताऱ्या बाईला तिचा मुलगा दाखवायचा होता, तेवढं तुमच्याच्याने झालं नाही. पुन्हा माझ्या दारात यायचं नाही.”

तो म्हणाला, “हो जी.” रुमालासकट फोन उंबऱ्यावर ठेवला आणि गेला. चपला हातातच घेऊन गेला.

हे माझ्या मागेच उभे होते. रात्रीचं जेवण झाल्यावर, मी भांडी आवरत असताना, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “मीच सांगितलं होतं त्याला. सकाळी. फोनमधली जागा भरली होती. आईला वर्ध्याच्या मावशीशी व्हिडिओवर बोलायचं होतं, आठवडाभर मागे लागली होती. ते ॲप बसत नव्हतं. तो म्हणाला, चार्जिंग कमी आहे, उद्या करू. मी म्हटलं, आजच करून टाक.”

मी ऐकून घेतलं आणि भांडी घासत राहिले.

तुम्ही म्हणाल, मग स्टँडवाल्याचा काय दोष? असंच म्हणणारे तेव्हाही होते. पण नवऱ्याशी वैर धरून पोळ्या कोणासाठी लाटायच्या? ज्याची आई गेली, जो रात्री उठून अंगणात बसतो, त्याला मी काय बोलणार होते? आणि राग तर होता. तो कुठेतरी ठेवणं भाग होतं. सगळी रांझी आपापल्या वस्तू स्टँडवर ठेवायची, मीही माझा राग तिथेच ठेवला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्यालाही हे ठाऊक असणार, पण दारात उभा असताना त्याने ह्यांचं नाव घेतलं नाही आणि पुढेही कधी घेतलं नाही.

त्याने ते रूटचं काम सोडलं. लोक म्हणायचे, “इंजिनिअर साहेब, एक बटन तो दबाना है,” तर हा हात मागे घ्यायचा. “बटन तुम्हीच दाबा. मी फक्त सांभाळतो.” पुढे नव्या फोनांवर तसली ॲप चालेनाशीच झाली आणि विषय संपला. स्वतःसाठी त्याने एक साधा, बटणांचा फोन घेतला, ज्यात उघडायला काही नाही असा, आणि त्याचा नंबर स्टँडच्या भिंतीवर ऑइलपेंटने हातभर मोठ्या आकड्यांत लिहून काढला. घरोघरी पोचवलाही. आमच्या घरी पाठवायची त्याची हिंमत झाली नाही. तो मिश्राजींच्या बायकोने दिला. मी घेतला नाही.

तरी तो नंबर माझ्या फोनवर आला. एके दिवशी दुपारी जेवणाचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ माझा फोन. अनोळखी नंबर. दोन रिंग झाल्या आणि बंद. दुसऱ्या दिवशी भोंगा आणि पुन्हा तोच नंबर. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, “स्टँडवाला आहे. मिस कॉल देतो. म्हणजे तो जागेवर आहे, फोन चालू आहे, असं.”

“सगळ्यांच्या घरी देतो?”

“नाही. आपल्याच.”

तिसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसले आणि पहिली रिंग पुरी व्हायच्या आत कट केला. माझ्या घरातली घंटा माझ्या मर्जीने वाजेल, त्याच्या नाही. तेव्हापासून तो रोज द्यायचा आणि मी रोज कट करायची. हात पिठात असले तर कोपराने. आंघोळीला असले तर पोरीला ओरडून सांगायची, “कट कर!” पोर विचारायची, “किसका है?” मी म्हणायची, “कुणाचा नाही.” रविवारी स्टँड बंद, त्यामुळे कॉल नाही. मग ती वेळ टळून जाईपर्यंत मला उगाच चिडचिड व्हायची आणि ती ह्यांच्यावर निघायची.

एकदा पिठाच्या बोटाने चुकून उचलला गेला. मला कळलं नाही. आतून आवाज आला, “हॅलो?”

मी पिठाच्याच हाताने फोन कानाला लावला.

“वहिनी, चुकून लागला वाटते तुमच्याकडून. कट करा जी.”

मी विचारलं, “काय पाहिजे?”

“काही नाही. चालू आहे का, पाहून राहिलो.”

“चालू आहे,” म्हटलं आणि कट केला. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं झालं ते एवढंच.

यथावकाश हे रिटायर झाले. क्वार्टर सोडलं आणि आम्ही कांचघरला राहायला आलो. माझ्या माहेरच्या गल्लीतच दोन खोल्या आहेत. फॅक्टरीचा भोंगा इथपर्यंत ऐकू येत नाही. पहिल्या दुपारी हे आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेले, आणि माझा फोन वाजला. मी कट केला.

हे म्हणाले, “आता काहून देते तो? मी तर इथंच आहे.”

“त्याला विचारा.”

ह्यांनी विचारलं नाही. तो देत राहिला. आणि भोंगा नसल्यामुळे आमच्या घरात असं होऊन बसलं, की तो कॉल कट झाला की मी ताटं घ्यायची. ह्यांना भूक लागली तर हे घड्याळाकडे न बघता माझ्या फोनकडे बघायचे.

मधे एकदा भाचीबरोबर रिछाईला तिच्या घरी जाताना ऑटो रांझीवरून नेली. स्टँड पाहिला. सायकली गेल्या होत्या, मोटरसायकलवाले फोन डिकीत टाकून कुलूप लावायला लागले होते. चादर तिथेच टांगलेली, बहुतेक खिसे रिकामे, तोंडं लोंबलेली. ह्यांचा तपकिरी खिसा मला ऑटोतूनही ओळखू आला. हा खुर्चीवर बसून गेटकडे पाहत होता. ऑटो हळू झाली तसं त्याने मला पाहिलं आणि उठून हात जोडले. मी तोंड फिरवलं. भाची म्हणाली, “मामी, कौन था?” मी म्हटलं, “स्टँडवाला.”

मग एका दुपारी कॉल आला नाही.

वार कोणता ते मला आठवत नाही, पण रविवार नव्हता. मी कट करायला फोन घेऊन बसले होते. फोन चालू आहे ना पाहिलं. रेंज होती. हे एकदा आत येऊन गेले, दुसऱ्यांदा येऊन म्हणाले, “वाढ ना.” मी म्हटलं, “थांबा थोडं.” शेवटी जेवलो, पण दोघांनाही जेवण गेलं नाही. पानं उचलल्यावर हे न सांगता शर्ट घालून रांझीला गेले.

परत आले तेव्हा अंधार पडला होता. चप्पल काढून तिथेच पायरीवर बसले. झोपेतच गेला म्हणाले, सकाळी उठलाच नाही. त्याची बायको दारात बसली होती. ह्यांना पाहून तिने सगळ्यांत आधी विचारलं, “वहिनी ठीक आहेत ना? आज कॉल द्यायचा राहून गेला.”

“तिला काय माहीत?” मी विचारलं.

“तीच तर डबा घेऊन जायची दुपारी स्टँडवर. म्हणाली, आधी वहिनींना मिस कॉल, मग डबा. तिकडून कट झाला का म्हणायचा, चलो, ठीक आहेत वहिनी. मग डब्याचं झाकण उघडायचा. एकदा तू कट नाही केलास. पोरीच्या लग्नाच्या धावपळीत असशील. त्या दिवशी तो जेवला नाही म्हणे. मला फोन करून इकडचं तिकडचं बोलत राहिला होता, ते आता लक्षात येते.”

मी त्याच्या तोंडावर दार लावावं तसा तो फोन कट करत होते, आणि तो त्याला माझा निरोप समजत होता. निरोपाच्या बाबतीत तो पक्का होता, हे मी वर म्हटलंच आहे.

माफ केलं असं कोणी समजू नये. ऑटोतला तो प्रश्न मला अजून ऐकू येतो, आणि तो आला की पहिला चेहरा स्टँडवाल्याचाच डोळ्यांसमोर येतो. राग तिथे ठेवलाय, तो तिथेच राहील.

त्याचं तेरावं झाल्यानंतरची गोष्ट. दुपारी पोळ्या झाल्या, हे खुर्चीत बसून माझ्या फोनकडे बघत होते. मी हात धुतले, पुसले. त्याचा नंबर मी कधी नावाने साठवला नव्हता, पण शोधावा लागला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तो लावला. एक रिंग गेली. दुसरी गेली.

तिकडून त्याच्या बायकोने कट केला.

“चला,” मी ह्यांना म्हटलं, आणि ताटं घेतली.